पडद्याआडची पाटी

आमच्या घरी नांदेडहून एका लग्नाची पत्रिका आली, त्या दिवसापासून ही हकीगत सुरू होते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय वर्षे सात, ती पत्रिका हाती घेऊन माझ्या आईजवळ गेला आणि म्हणाला, “आजी, हे काय ड्रॉ केलंय?” त्याने बोट ठेवले होते ते गणपतीच्या चित्रावर असेल, असे वाचकांस वाटेल. तसे नव्हते. बोट होते ते खालच्या मजकुरावर. सात वर्षांच्या त्या मुलाच्या लेखी मराठी अक्षर ही कोणीतरी काढलेली नक्षी होती.

आई काही बोलली नाही. तिने पत्रिका घेतली, वाचून दाखवली आणि डब्यात ठेवून दिली. परंतु रात्री जेवताना तिने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी मी विसरलेलो नाही. घरात मराठीचा एम. ए. झालेला मुख्याध्यापक आहे, तीस वर्षे त्याने लोकांची मुले शिकवली आहेत, आणि त्याच्या सख्ख्या भाच्याला ‘क’ ओळखता येत नाही! आम्ही राहतो ते जामबागेत. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी येथून हाकेच्या अंतरावर. या भागात मराठी पाटीवर गिरवून मोठ्या झालेल्या कित्येक पिढ्या आहेत. माझी बहीण व तिचे यजमान नोकरीच्या धावपळीत; मुलाची शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. बोलतो मराठीच, आणि चांगले बोलतो. लिपीचा प्रश्न निघाला की मी म्हणत असे, “पुढे हिंदी सुरू होईल, देवनागरी आपोआप येईल.” सोयीचे उत्तर होते ते. हिंदीच्या पुस्तकातून क येईल, ख येईल. पण आपला ‘ळ’ कोठून येणार? पोळी, केळे, बाळ, सकाळ ही सारी मंडळी त्या पुस्तकाच्या दाराबाहेरच उभी राहणार.

मुलाची थोरली बहीण, माझी भाची, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने हे सगळे मुकाट्याने ऐकले आणि दोन दिवसांनी म्हणाली, “मामा, मी त्याच्यासाठी संगणकावर पाटी करते. तो स्क्रीनपुढून हलत नाही ना, मग अक्षरं तिथंच बसवू.” मी तिला विचारले की, संगणकात मराठी अक्षरे तयार असताना नव्याने काढायची कशाला? तिने उत्तर दिले ते माझ्यासारख्याला विचार करायला लावणारे होते. एक म्हणजे बहुतेक तयार अक्षरसंचांत ‘ल’ आणि ‘श’ हे हिंदी वळणाचे असतात. (मराठी वर्णमालेतील ल आणि श कोणत्या वळणाने लिहावेत हे महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवून दिले आहे, तथापि शासनाचा ठराव प्रत्येक यंत्रात पोचतोच असे नाही.) दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. तयार अक्षर हा एक ठसा असतो. ते कोठून सुरू झाले आणि कोठे संपले, हे त्याला विचारून उपयोग नाही.

म्हणून तिने अक्षरे साध्या आकृत्यांतून बांधायला घेतली. भूमितीच्या वहीत असतात त्याच आकृत्या: रेषा, वर्तुळ आणि वर्तुळाचा तुकडा, म्हणजे कंस. ‘ठ’ घ्या, एक छोटा दंड, खाली वर्तुळ, वर शिरोरेषा, की झाला ठ. ‘ट’ला वर्तुळाऐवजी उजवीकडे उघडा कंस. ‘प’, ‘ग’, ‘र’ यांनाही फार लागत नाही. इतकी वर्षे मी अक्षरांकडे पाहतो आहे. त्यांत एवढी थोडी सामग्री आहे, हे तिने कागदावर सुटे करून दाखवले तेव्हा माझ्या ध्यानात आले.

येथे संगणकाच्या पडद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते लगेच समजेल, कारण दुसुतीवरचे भरतकाम त्यांनी केलेले असते. त्या कापडावर जशी उभ्याआडव्या धाग्यांची घरे असतात, तसा हा पडदा बिंदूंचा बनलेला असतो. भाचीने आपल्या पाटीसाठी ६४० आडवे आणि ४८० उभे बिंदू घेतले; गुणाकार केला तर ३,०७,२०० घरे होतात. प्रत्येक घराला दोन आकडे: डावीकडून कितवे आणि वरून कितवे. होय, वरून! आलेख-कागदावर आपण मुलांना खालून वर मोजायला शिकवतो, आणि येथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात बसलेले असते. भाचीचा पहिला ‘ट’ त्यामुळेच शीर्षासन करून उभा राहिला होता. दुसुतीवर तिरपी रेघ भरताना ती पायऱ्यापायऱ्यांनी जाते, पडद्यावरही तेच. कोणती पायरी केव्हा उतरायची, हे केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने ठरवण्याची एक सुरेख रीत ब्रेसनहॅम नावाच्या गृहस्थाने १९६२ साली शोधली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्तुळाची गंमत याहून मोठी आहे. त्याचा फक्त आठवा भाग मोजायचा. उरलेले सात भाग आरशातल्या प्रतिबिंबांसारखे चिन्हे व आकडे आलटून-पालटून मिळतात. मी हे आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना सांगितले तेव्हा त्यांनी डबा अर्धा ठेवून खडू हाती घेतला.

असो. पाटी पहिल्यांदा दाखवण्याचा मुहूर्त दसऱ्याच्या संध्याकाळचा ठरला. घरची सारी माणसे जमली. पडद्यावर ‘क’ आला, त्याच्यावरून एक पेन्सिल फिरू लागली, आणि जो काही प्रकार सुरू झाला, त्याला दिवाळीचा आकाशकंदील बिघडला असे म्हणावे! अक्षर लुकलुकत होते. क्षणात दिसे, क्षणात नाहीसे होई. कधी नुसता दंड, कधी नुसती शिरोरेषा. आईने डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाली, “अगं, बंद कर, डोळ्यांपुढं काजवे नाचतायत.” मुलगा हसत सुटला. भाचीचे तोंड एवढेसे झाले. आणि मी, लिहिताना संकोच वाटतो, बोलून गेलो की, पाटी-पेन्सिल दहा रुपयांत मिळते.

दोष कोठे होता, हे तिने दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावून दिले. पेन्सिल हलवायची म्हणजे ती आधीच्या जागेवरून पुसली पाहिजे. पुसताना तिच्याखालचे अक्षरही पुसले जाते. म्हणून तिची आज्ञावली दर वेळी संपूर्ण पडदा कोरा करी, मग अक्षराचा एकेक तुकडा काढी, शेवटी पेन्सिल काढी. आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘दाखव’ अशी आज्ञा होती. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो. त्यामुळे कोरा पडदा, अर्धे अक्षर, पाऊण अक्षर ही सारी अपुरी कामे प्रेक्षकांना दिसत राहिली. जणू नाटक चालू असताना पात्रे रंगमंचावरच दाढ्या चिकटवीत आहेत!

उपाय नाटकवाल्यांचाच आहे: पडदा. संगणकाच्या स्मृतीत पडद्याच्याच मापाची, तितक्याच घरांची एक जागा राखून ठेवायची. ती जागा म्हणजेही एक चित्रच, फक्त ते कोणालाही दिसत नाही. रेषा, वर्तुळे, कंस सारे त्या अदृश्य चित्रावर काढायचे. ज्या आज्ञांनी पडद्यावर काढतो त्याच आज्ञा, केवळ कोठे काढायचे तो पत्ता निराळा. पुसणे, गिरवणे, चुकणे, सारे तेथेच. चित्र पुरे झाले की एकाच आज्ञेने ते आख्खेच्या आख्खे दिसणाऱ्या पडद्यावर उतरवायचे. लग्नात मंगलाष्टके संपेपर्यंत अंतरपाट धरतात आणि मग एकदम दूर करतात, तसेच काहीसे. बिंदूंचा असा गठ्ठा एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन नेण्याची क्रिया अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत १९७५ च्या सुमारास डॅन इंगल्स यांनी बांधली; तिच्या ‘बिटब्लिट’ या नावातील ‘ब्लिट’ हा शब्द आज भाचीच्या वयाची मुले क्रियापदासारखा वापरतात. “मामा, आता ब्लिट करते,” असे ती म्हणते, आणि व्याकरणाचा शिक्षक असूनही मी गप्प बसतो.

मला या युक्तीवरून दादासाहेब फाळके आठवले. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक लहानसा बोलपट— नव्हे, मूकपट तयार केला होता. आगकाड्या आपल्या आपण हालतात, आकृत्या करतात, असे त्यात दिसे. साध्यात साधी आकृती म्हणजे एक काडी! काड्या हाताने सरकवायच्या, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायच्या. हात पुढे असतो तेव्हा कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो. प्रेक्षकाला दिसतात त्या फक्त मांडून झालेल्या काड्या. ती फीत आज उपलब्ध नाही, परंतु तिच्यातले तत्त्व माझ्या बहिणीच्या घरी टेबलावर पुन्हा जिवंत झालेले मी पाहिले.

स्मृतीत अशी जागा ठेवायची तर ती फुकट मिळत नाही. प्रत्येक बिंदूला रंगाचे तीन आणि पारदर्शकतेचा एक असे चार आकडे धरले, तर भाचीच्या छोट्या पाटीला १२,२८,८०० घरांची कोठी लागते. आजच्या यंत्रांना ती पैशापासरी आहे. पारदर्शकतेचा तो चौथा आकडा मात्र कामाचा. पाटीच्या कडेला शेवंतीच्या फुलांची वेल असावी, अशी आईची सूचना होती. (जामबागच्या फुलबाजाराची आठवण, ठोक व्यापार आता बराचसा गुडीमलकापूरला गेला, पण आईच्या नाकातून तो वास गेलेला नाही.) भाचीने एकच फूल पडद्याआड एका लहान चित्रावर काढले, सोळा पाकळ्यांचे, आणि रांगोळीच्या ठशासारखे ते सगळीकडे उमटवले. फुले उमटली, पण प्रत्येक फुलाभोवती काळा चौकोन! जणू शेवंतीच्या फोटोंना काळ्या चौकटी बसवल्या होत्या. फुलाबाहेरची जागा ‘रिकामी’ आहे असे यंत्राला सांगावे लागते. न सांगितल्यास ते रिकाम्या जागेलाही काळा रंग समजते.

दुसऱ्या प्रयोगाला लुकलुक नव्हती. कळ दाबली, ‘क’ आला. दाबली, ‘ख’ आला. स्वच्छ, स्थिर, ठसठशीत. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मुलाने पंधरा मिनिटांत अकरा अक्षरे ओळखली. मग आईने त्याच्यापुढे खरी पाटी सरकवली आणि म्हणाली, “आता काढ बरं क.”

त्याने आधी एक लांब आडवी रेघ मारली. मग त्या रेघेला एक काठी टांगली, काठीच्या डावीकडे एक गोळा व उजवीकडे एक आकडा अडकवला. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसा तो ‘क’ होता. दिसायला फारसा चुकीचा नव्हता. एखाद्या परीक्षकाने गुणही दिले असते. पण आई म्हणाली, “हा लिहिलेला नाही रे, उतरवलेला आहे. शिरोरेघ आधी कशी येईल? शब्द केवढा होणार ते ठाऊक आहे का तुला?” चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने एका वाक्यात देवनागरी लेखनाचा नियम आणि त्याचे कारण दोन्ही सांगितले. डावीकडचे वाटोळे, मग दंड, मग उजवीकडचे वळण, आणि शब्द पुरा झाल्यावर वरून एक रेघ.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत होतो. पडद्याआड काम करून पूर्ण वस्तू पुढे ठेवायची, ही रीत डोळ्यांना सुखाची खरी. पण शिकणाऱ्याला जे हवे असते, नेमके तेच तिने झाकून टाकले होते. फळ्यावर शिक्षक लिहितो तेव्हा वर्ग त्याचा हात पाहत असतो. खडू कोठे टेकला, कोठे उचलला, कोठे वळला, हे पाहूनच मुलाचे मनगट शिकते. अलीकडे छापील तक्ते भिंतीवर लावून आम्ही शिक्षक खुर्चीत बसतो. त्या तक्त्यांच्या बाबतीत मी स्वतःही निर्दोष नाही. दहा रुपयांच्या पाटीचा टोमणा मी भाचीला मारला होता, परंतु भाच्याच्या शेजारी बसून ती दहा रुपयांची पाटी मी तरी कधी धरली होती?

सकाळी मी तिला फाळक्यांचीच दुसरी गोष्ट सांगितली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. त्याआधी, भांडवल मिळावे म्हणून, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती: कुंडीपुढे कॅमेरा ठेवून, दिवसांमागून दिवस, थोडे थोडे. पाहणाऱ्याला मिनिटा-दोन मिनिटांत कोंब फुटताना, वेल चढताना दिसला. युक्ती तीच, चित्रे एकेकटी टिपण्याची. पण एकीत हात लपला आणि दुसरीत वाढ दिसली. “तुझ्या पडद्याआडच्या पाटीला असं वाढता येईल का?” एवढेच मी विचारले. ती थोडा वेळ थांबली, आणि मग म्हणाली, “मामा, मी दर वेळी ती कोरी करते. कोरी केलीच नाही तर?”

सगळा उलगडा त्या प्रश्नात होता. आपल्याकडे पूर्वी मुले धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवीत. बोटाने काढलेले फळीवर हात फिरवीपर्यंत राही. पडद्याआडचे चित्रही तसेच आहे. कोणी पुसले नाही तर त्यावरचे काही जात नाही. तेव्हा भाचीने दोन अदृश्य चित्रे केली. पहिले ती ‘पाटी’ म्हणते. तिच्यावर फक्त शाई उमटते आणि ती पुसली जात नाही. दुसरे चित्र कच्चे. सेकंदाला तीस वेळा असे घडते: पाटीवर शाईचा एक छोटासा ठिपका पुढे टाकायचा; पाटीची नक्कल कच्च्या चित्रावर उतरवायची; त्या नकलेवर पेन्सिल ठेवायची; आणि मग ते पुरे झालेले कच्चे चित्र लोकांपुढे आणायचे. पेन्सिल पाटीला कधी लागतच नाही, म्हणून ती हलली तरी काही पुसावे लागत नाही. लुकलुक नाही, आणि अक्षर डोळ्यांदेखत वाढते.

ठिपक्यांचेही शास्त्र आहे. दोन ठिपक्यांतील अंतर जास्त झाले की रेघेऐवजी मण्यांची माळ दिसते. अंतर ठिपक्याच्या त्रिज्येहून कमी ठेवले की सलग वळण येते. नंतर मी तिला माझ्याकडचा जुना बोरू दाखवला. त्याचे टोक तिरपे कापलेले असते, म्हणूनच आपल्या अक्षरात जाड-बारीकपणा येतो. तिने गोल ठिपक्याच्या जागी एक लहान तिरपी रेघ ठेवली, आणि त्याच वाटेवरून फिरणारे अक्षर एकदम वळणदार झाले. र. कृ. जोशी यांच्यासारखा सुलेखनकार (२००८ साली ते निवर्तले, मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांतील ‘मंगल’ अक्षरे त्यांचीच) अक्षराचा एवढा ध्यास का घेतो, याची थोडीशी कल्पना मला त्या दिवशी आली.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला आमची शाळा भरते. पडद्यावर अक्षर हळूहळू वाढते, मुलगा त्याच्याबरोबर खऱ्या पाटीवर काढतो, मी शेजारी बसतो, आणि शिरोरेघेच्या वेळी आई मोठ्याने “आत्ता!” म्हणते. पहिल्या महिन्यात एकोणतीस अक्षरे झाली. त्याला लिहायचा होता तो पहिला शब्द मात्र अडला आहे. शब्द आहे ‘पोळी’. ‘ळ’ची दोन वेटोळी चार कंसांतून बांधताना मध्यभागी, जेथे ती मिळतात, तेथे शाईचा गोळा होतो. भाचीने तीनदा आकडे बदलले. आईने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, “ही जिलबी आहे गं, ळ नव्हे.”

तोवर मुलाने पाटीवर ‘पो’ काढला आहे, एका अक्षराची जागा सोडली आहे, आणि पुढे दुसरी वेलांटी देऊन ठेवली आहे. शिरोरेघ अजून दिलेली नाही. ती पाटी पुसायची नाही, असे त्याने घरातल्या सर्वांना बजावले आहे.